पॅशन आणि पगारपत्रक

आमच्या ग्रुपमध्ये सध्या राजीनाम्यांची साथ आलीय. कुणाला कॅफे काढायचाय, कुणाला हिमालयात जाऊन राहायचंय. एक मैत्रीण आठवडाभर हिंजवडीत कोडिंग करते आणि वीकेंडला व्हायोलिन शिकते. तिला आता फक्त व्हायोलिनच वाजवायचंय. 'नोकरी करत कुणी मोठं कलाकार होतं का?' हा तिचा सवाल.

होतं की! एन. राजम हे नाव ऐकलंय? जन्म १९३८चा. वडील ए. नारायण अय्यर यांनी लहानपणीच कर्नाटक पद्धतीचं व्हायोलिन हातात दिलं. भाऊ टी. एन. कृष्णन हेही त्याच क्षेत्रातलं बडं नाव. म्हणजे घरातच करिअर रेडी! पण राजम यांना हिंदुस्तानी संगीताची ओढ लागली आणि त्यांनी गुरू केला तो चक्क गवई, पं. ओंकारनाथ ठाकूर. आपल्या कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य.

आता गवयाकडे वाद्य शिकायचं, तर बोटं कुठे ठेवायची हे कोण सांगणार? ते ज्याचं त्याने शोधायचं. गाताना आवाज एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकतो, ती मींड. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात, त्यामुळे ती तारेवर काढता येते. पण गज चुकीच्या जागी उलटा फिरला, की गाणाऱ्याचा श्वास मध्येच तुटल्यासारखं वाटतं. राजम यांनी बोटांच्या आणि गजाच्या जुन्या सवयी बदलल्या. त्यांचं व्हायोलिन गायला लागलं. 'गायकी अंग' म्हणतात ते हेच.

आणि हे सगळं नोकरी सांभाळून! बनारस हिंदू विद्यापीठात जवळजवळ चाळीस वर्षं त्यांनी शिकवलं. लेक्चरं, विद्यार्थी, विभागप्रमुखपद, पुढे डीनची खुर्ची. मैफली चालूच. १९८४ साली पद्मश्री, २००४ साली पद्मभूषण.

'पण त्यांची नोकरी संगीताचीच होती ना,' मैत्रीण म्हणाली. मान्य. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून घरी आल्यावर रियाझाला जीव उरत नाही, हेही मान्य. मला खटकलं ते तिचं पुढचं वाक्य : 'क्लासेस घेईन, पण ते नाइलाज म्हणून.' का बुवा? मैफली काही दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येत नाहीत. (आम्हा फ्रीलान्सर मंडळींना चेकची वाट पाहणं काय असतं ते विचारा!) दर महिन्याचा पगार असला, की न पटणारी सुपारी नाकारता येते. शिवाय शिकवायचं तर आपला हात नेमका काय करतो, ते शब्दांत सांगावं लागतं. रोज, नवशिक्या पोरांना.

राजम यांच्या शिकवण्यातून काय उभं राहिलं ते ऐकायचंय? मुलगी संगीता शंकर आणि भाची कला रामनाथ, दोघींच्या मैफलींच्या रेकॉर्डिंग्ज सहज मिळतील. नाहीतर राजम, संगीता आणि नाती रागिणी-नंदिनी एकत्र वाजवतात ती मैफल लावा. डोळे मिटून ऐका आणि यातली आजी कोणती ते ओळखून दाखवा.