अडाणी कोणाला म्हणावे? 'लिटरेट' या शब्दाची कुळकथा

१/ निवडणूक जवळ आली की समाजमाध्यमांवर एक मत हटकून डोके वर काढते : "अशिक्षितांना मताचा अधिकारच नको." असे म्हणणारे निरक्षर, अशिक्षित आणि अडाणी हे तीन शब्द एकच समजतात. इंग्रजीत ही गल्लत 'इलिटरेट' हा एकटा शब्द करतो. म्हणून त्याचे कुळ तपासणे अगत्याचे आहे.

२/ लॅटिनमध्ये 'लिटरा' म्हणजे अक्षर. त्यावरून 'लिटरातुस'. मध्ययुगीन युरोपात हे विशेषण लॅटिन जाणणाऱ्यास लागे. मायकल क्लँची या इतिहासकाराने १९७९ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, 'लिटरातुस' आणि 'क्लेरिकुस' म्हणजे धर्माधिकारी हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जाऊ लागले होते. केवळ मातृभाषा वाचू शकणारा त्या मापाने 'इलिटरेट'च ठरे.

३/ या मापाची गंमत शार्लमेनच्या चरित्रात दिसते. त्याचा चरित्रकार आइनहार्ड सांगतो की, सम्राट लॅटिन उत्तम बोलत असे. पण उतारवयात उशाखाली पाट्या ठेवून अक्षरे गिरवण्याचा त्याचा प्रयत्न फारसा सफल झाला नाही. पश्चिम युरोपचा हा अधिपती साक्षर की निरक्षर? उत्तर व्याख्येवर अवलंबून आहे.

४/ व्याख्या कोण करतो, यावर तर माणसांचे प्राण अवलंबून असत. इंग्लंडमध्ये धर्माधिकाऱ्यांना राजाच्या न्यायालयातील देहदंडातून सूट होती. पुढे वाचता येणारा पुरुष तो धर्माधिकारी, असे मानले जाऊ लागले. आरोपीपुढे बहुधा बायबलमधील एकावन्नावे स्तोत्र ठेवत. ते वाचणारा वाचे, न वाचणारा फासावर जाई. लोकांनी त्या ओळीला 'मानेची ओळ' असे नावच दिले होते.

५/ नाटककार बेन जॉन्सनने १५९८ मध्ये द्वंद्वात गॅब्रिएल स्पेन्सर या नटाला ठार केले. वाचता येत असल्यामुळे तो फाशीतून सुटला. केवळ अंगठ्यावर डाग देण्यात आला. त्याच गुन्ह्यासाठी निरक्षर माणूस मेला असता. वाचनाची ही अट १७०६ मध्ये आणि ती सवलत १८२७ मध्ये रद्द झाली. साक्षरता हा सद्गुणाचा पुरावा नव्हता. तो परवाना होता.

६/ आता 'निरक्षर म्हणजे अज्ञानी' हे समीकरण पाहू. जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो की, अकबराला लिहिता-वाचता येत नसे. तरीही विद्वानांच्या नित्य सहवासामुळे ते कोणाच्या लक्षात येत नसे. ग्रंथ तो इतरांकडून वाचवून घेऊन ऐके. ज्ञानाला डोळ्यांखेरीज कानांचीही वाट असते.

७/ महाराष्ट्राला तर याचा पुरावा शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या इतरांनी टिपून ठेवल्या आणि आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. त्यांना निरक्षर म्हणणे खरे आहे. अडाणी म्हणण्याचे धाडस कोण करील?

८/ मराठीने हा भेद आपल्या शब्दांतच जपला आहे. 'साक्षर' मध्ये अक्षर आहे. 'शिकणे' मात्र संस्कृत 'शिक्ष्' पासून आले, आणि ते 'शक्' चे इच्छार्थक रूप : समर्थ होऊ पाहणे. त्यात अक्षराचा उल्लेखही नाही. नांगर धरायला शिकता येते, मोट हाकायला शिकता येते, बाळंतपण करायलाही शिकता येते.

९/ खुद्द शासनही हे दोन शब्द एक मानत नाही. १९११ च्या जनगणनेत मित्राला पत्र लिहून त्याचे उत्तर वाचू शकणारा तो साक्षर ठरला. २०११ मध्ये सात वर्षे वा अधिक वयाची आणि कोणत्याही भाषेत समजून लिहू-वाचू शकणारी व्यक्ती साक्षर ठरली. त्यासाठी शाळेत गेलेले असणे आवश्यक नव्हते. म्हणजे साक्षर माणूस औपचारिक अर्थाने 'अशिक्षित' असू शकतो.

१०/ मताधिकाराचा वाद नवा नाही. सायमन कमिशनच्या काळात, १९२९ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी मुंबई इलाख्याविषयीच्या आपल्या स्वतंत्र अहवालात साक्षरतेच्या अटीला ठाम विरोध केला. निरक्षर म्हणजे बुद्धिहीन हे पहिले चुकीचे गृहीतक आणि साक्षर म्हणजे अधिक सुजाण हे दुसरे, असा त्यांचा युक्तिवाद होता. परदेशांतील उच्च पदव्या मिळवलेला विद्वान हे सांगत होता, हे विसरू नये.

११/ आणि जेथे ती अट लादली गेली, तेथे काय झाले? अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांनी साक्षरतेच्या परीक्षेचा उपयोग कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवण्यासाठी केला. गुलामगिरीच्या काळात त्यांतील अनेक राज्यांत गुलामांना लिहा-वाचायला शिकवणे हाच गुन्हा होता. आधी अक्षर नाकारायचे, मग अक्षर येत नाही म्हणून हक्क नाकारायचा! १९६५ च्या मताधिकार कायद्याने या परीक्षांना आळा घातला.

१२/ भारताने हा मार्ग नाकारला. १९५१ मध्ये साक्षरतेचे प्रमाण अवघे १८ टक्क्यांच्या आसपास असताना देशाने सर्व प्रौढांना मत दिले. पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी होती आणि तिच्यावर चिन्ह होते. मतदाराला अक्षर येईना, तर व्यवस्थेने आपली रीत बदलली.

१३/ मग साक्षरतेचे मोल नाही काय? आहे, आणि मोठे आहे. म्हणूनच जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे बहुजनांसाठी निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. ती मागणी राज्यकर्त्यांकडे होती. निरक्षरता हे त्यांच्या लेखी वंचितावर झालेल्या अन्यायाचे माप होते. वंचिताच्या लायकीचे नव्हे.

१४/ 'अंगठेबहाद्दर' म्हणून कोणाची टिंगल करण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे : ज्याला पाटी मिळाली नाही, त्याच्याकडून मतपत्रिकाही काढून घेणे ही एकाच गुन्ह्याची शिक्षा दोनदा देणे आहे, आणि तो गुन्हाही त्याचा नव्हे.