चोर सोडून संन्याशाला सुळी



बियाणे उगवले नाही म्हणून आपण तक्रार घेऊन जातो, तेव्हा काय काय मागतात? पावती दाखवा, पिशवी दाखवा, लेबल दाखवा, लॉट नंबर सांगा. मग तालुक्याची समिती बांधावर येणार, पंचनामा करणार. सीसीआयच्या केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत फिरते. पण निदान मीटरचा आकडा आपल्या डोळ्यांपुढे असतो.

आता उलटी बाजू पाहा. आपलीच पोरे कृषी सेवा केंद्र काढतात. बचत गटाच्या बाया ज्वारीचे पीठ विकतात, हुरड्याचे गिऱ्हाईक बोलावतात. त्यांची पाटी आता मोबाईलच्या नकाशावरही लागली आहे. त्या पाटीखाली कोणीही यावे, एक तारा टेकवावा, वाटेल ते लिहावे. ना पावती, ना पंचनामा!

'बळीराजा' आणि 'जय किसान' नावाची दुकाने तालुक्यातालुक्यात आहेत. बियाणे घेतले एकीकडे, शिव्या चिकटल्या दुसरीकडे. कोणाला वाटते १ तारा म्हणजे पहिला नंबर. तो लिहितो 'पीठ झकास' आणि देतो एकच तारा. सरासरी काढणारे यंत्र तारे मोजते, शब्द नाही.

यात मरतो कोण? लहान माणूस. पाचशे जणांनी ५ तारे दिलेल्या मोठ्या दुकानाला एका चुकीच्या ताऱ्याने ओरखडाही उठत नाही. गटाच्या पिठाला चौघांनीच ५ तारे दिलेले असतील, तर तोच एक तारा सरासरी ४.२ वर आणतो.

कोणी म्हणेल, सरकारने हे अभिप्रायच बंद करावेत. आम्ही म्हणतो, मुळीच नाही! पिठात किडे निघाले तर गिऱ्हाईक बोलणारच, बोललेच पाहिजे. मोकळा बाजार मागायचा आणि गिऱ्हाईक बोलले की कान झाकायचे, हे ढोंग आहे. आमचे भांडण गिऱ्हाइकाशी नाही. ज्याने काटा मांडला, त्याने काट्याची जबाबदारी घ्यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले, पण ते ऐच्छिक ठेवले. ऐच्छिक काटा कोण तपासणार?

तोवर हातावर हात ठेवून बसू नका.

पहिले, नकाशावरची पाटी स्वतःच्या ताब्यात घ्या. गाव, तालुका, फोन नीट लिहा, म्हणजे नावाचा घोळ कमी होईल.

दुसरे, चुकीच्या अभिप्रायाखाली उत्तर लिहा. शिवी नको. 'भाऊ, हे वाण आम्ही विकतच नाही, आपले दुकान चुकले असावे' एवढे पुरे. ते उत्तर पुढचे दहा जण वाचतात. लिहिणारा सापडला तर त्यालाच विनंती करा; आपला अभिप्राय त्याला बदलता येतो, काढताही येतो.

तिसरे, मजकुराचा फोटो आणि पावतीपुस्तक जपून तक्रार नोंदवा. नुसते 'आम्हाला पटत नाही' म्हणून कोणी अभिप्राय काढत नाही. तो आपल्या दुकानाचा नाहीच, हे दाखवावे लागते. २०२१ च्या नियमांनुसार अशा कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमून त्याचे नाव-पत्ता जाहीर करावा लागतो. तिथवर जा.

आणि एक कधीही करू नका. पैसे देऊन तारे विकत घेऊ नका. विकतचे तारे म्हणजे कापसावर मारलेले पाणी. वजन वाढते, पण एकदा उघडे पडले की पुढच्या खऱ्या बोंडालाही कोणी विचारत नाही.

आपणही गिऱ्हाईक आहोत. तारा देण्याआधी पाटी वाचा, गाव पाहा. आपल्या एका बोटाने शेजारच्या तालुक्यातल्या कोणा बहिणीची चूल विझू नये.

भीक नको, दया नको. मोबाईलवरचा असला तरी काटा खरा हवा!