बॅच बुडवण्याचे धैर्य

२४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला. छत कोसळले आणि त्या एका दिवसात आठ कामगार गेले. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरजवळ बाजारगावला स्फोटात नऊ जण गेले होते, त्यांत सहा महिला होत्या. जून २०२४ मध्ये नागपूरजवळच्याच धामण्यातही तेच झाले. विदर्भाच्या या पट्ट्यात स्फोटकांवर पोट असलेली हजारो घरे आहेत. आपल्या वाचकांपैकी अनेकांचे घर त्यातलेच आहे. म्हणून या अंकात आपण आपल्याच माणसाविषयी बोलायला हवे.

१९६२ च्या चीन युद्धाने शस्त्रसज्जतेतील उणिवा उघड्या पाडल्या आणि त्यानंतर १९६४ मध्ये जवाहरनगरची निर्माणी उभी राहिली. तोफगोळ्याला नळीतून पुढे ढकलणारे प्रणोदक आणि गोळ्याच्या पोटात भरायचे स्फोटक, दोन्ही अशाच कारखान्यांतून येतात. फाटकावर डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे जवान असतात. त्यांनी आधी सैन्यात नोकरी केलेली असते, काहींनी प्रत्यक्ष लढाई पाहिलेली असते. आत रासायनिक अभियंता आणि त्याचे कामगार असतात. पाळी सुटली की हे सगळे घरी जातात आणि मुलांचा अभ्यास, आईवडिलांचे दुखणे, धानाच्या बांधीची चिंता यांत शिरतात. जवान, अभियंता आणि घरचा कर्ता अशी तीन माणसे आपण वेगवेगळी मोजतो. आपल्या धंद्यात ती पुष्कळदा एकाच अंगरख्यात वावरतात.

या माणसाचे काम जवळून पाहा. ग्लिसरीनवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाचे मिश्रण काम करू लागले की नायट्रोग्लिसरीन तयार होते आणि उष्णता सुटते. ती थंड पाण्याच्या वेटोळ्यांनी सतत काढून घ्यावी लागते. तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे चढले, तपकिरी वाफा दिसल्या, की हातात काही क्षणच उरतात. जुन्या काळी स्कॉटलंडमधील आर्डीरच्या कारखान्यात थर्मामीटरवर नजर ठेवणाऱ्या कामगाराला एकाच पायाचे स्टूल देत. डोळा लागला की तो पडे आणि जागा होई. ही क्रिया जिथे चाले त्या नायट्रेटर पात्राच्या खाली पाण्याने भरलेली मोठी टाकी असे. शंका आली की झडप उघडायची आणि अख्खी बॅच त्या पाण्यात सोडायची. यंत्रे बदलली, सतत चालणारी इंजेक्टर पद्धत आली, एका वेळी यंत्रात असणारे नायट्रोग्लिसरीन कितीतरी कमी झाले. पण माल बुडवायचा आणि माणूस वाचवायचा, हा नियम तोच राहिला.

हे रसायन कामगाराबरोबर घरापर्यंतही येते. नायट्रोग्लिसरीन त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जाते, रक्तवाहिन्या सैल करते आणि डोके ठणकू लागते. चार दिवसांत शरीर सरावते. सुटी घेऊन सोमवारी परतले की दुखणे पुन्हा उसळते. हृदयविकाराच्या रुग्णाला जिभेखाली ठेवायला देतात ते औषध हेच. घरच्यांना मात्र बापाची किंवा आईची सोमवारची चिडचिड तेवढी दिसते, तिचे कारण कुणी सांगत नाही. आणि कधी हे रसायन घरातला माणूसच नेते. ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोमला आल्फ्रेड नोबेलच्या कारखान्यात स्फोट झाला, त्यात त्याचा धाकटा भाऊ एमिल गेला. पुढे नोबेलने नायट्रोग्लिसरीन सच्छिद्र मातीत जिरवून डायनामाइट केले. सुरक्षिततेची मोठी पावले अनेकदा अशीच कुणाच्या तरी घरातल्या मरणानंतर पडली आहेत. दर वेळी आधी मरण आणि मग सुधारणा, हा क्रम आपण आता मोडला पाहिजे.

रणांगणावर पुढे सरकण्याला शौर्य म्हणतात. आपल्या धंद्यात थांबण्याला म्हटले पाहिजे. मागणी चढलेली असते, महिन्याचे लक्ष्य डोक्यावर असते, सीमेवर तणाव असला तर देशाच्या गरजेचीही आठवण करून दिली जाते. अशा वेळी तापमापकाचा काटा पाहून बॅच बुडवणारा ऑपरेटर लाखोंचे नुकसान करतो आणि दुसऱ्या दिवशी खुलासा देत बसतो. मग तिसऱ्या वेळी तो झडप उघडण्याआधी थोडी वाट पाहतो. अपघाताची सुरुवात तिथे होते. गेलेल्यांच्या घरच्यांना सन्मान, नोकरी, भरपाई मिळालीच पाहिजे. पण तेवढ्यावर आपली जबाबदारी संपत नाही. सैनिकाच्या मरणामागे शत्रू असतो. कारखान्यातल्या मरणामागे एखादे कारण असते, आणि ते शोधून सर्वांना सांगणे हे अभियंत्याचे कर्तव्य आहे.

इथे सैन्याकडून शिकण्यासारखे आहे. अपघात होता होता टळला तरी त्याची नोंद करण्याची आणि ती इतर तुकड्यांपर्यंत पोचवण्याची शिस्त हवाई दलाने बाणवली आहे. दारूगोळा हाताळण्यात हयात घालवलेले माजी सैनिक आपल्या कारखान्यांत बहुधा फाटकावरच उभे असतात. त्यांना नव्या कामगारांच्या प्रशिक्षणाला बसवा. त्यांच्या तोंडचा एक अनुभव फलकावरच्या दहा सूचनांहून अधिक शिकवील. मिसळणे, दाबणे, चाळणे ही कामे जिथे शक्य आहे तिथे भिंतीपलीकडून यंत्राने करा. एका इमारतीत किती माणसे आणि किती किलो स्फोटक, ही मर्यादा दारावर लिहिलेली असते. ती पाहुणा अधिकारी आला तरी मोडू नका. वर्षातून एकदा घरच्यांनाही बोलवा आणि कामाचे धोके साध्या शब्दांत सांगा. त्यांना ते कळण्याचा हक्क आहे.

आणि एक विनंती. गेल्या वर्षी आपल्या कारखान्यात किती बॅचेस बुडवल्या, कुणी बुडवल्या आणि त्याबद्दल त्या व्यक्तीला काय मिळाले, खुलाशाची नोटीस की शाबासकी, हे आम्हाला कळवा. व्यक्तीचे आणि कारखान्याचे नाव न देता आम्ही ते दर अंकात छापू. टळलेल्या अपघातांचा असा उघडा हिशेब तयार झाला, तर पुढच्या अभियंत्याला झडपेवर हात ठेवताना वरच्या साहेबाची परवानगी आठवणार नाही. त्याला आपल्या आधी थांबलेले सहकारी आठवतील.