कालवड म्हणजे काय?

न्यूझीलंडच्या टीव्हीवर 'कंट्री कॅलेंडर' हा शेतीचा कार्यक्रम १९६६ पासून चालू आहे. आमचं मत असं, की आपण तो मुलांबरोबर पाहावा. गप्पा मात्र मराठीत माराव्यात. मुंबई दूरदर्शनवर 'आमची माती आमची माणसं' लागे, तेव्हा आम्हा शहरी मुलांच्या कानावर पेरणी, कोळपणी, वाफसा हे शब्द आपोआप पडत. आमच्या मुलांना 'गाय' येते. 'कालवड' आणि 'कोकरू' अडतात. तेही गायीमेंढ्यांच्या देशात राहून! गावी आजोबा गोठ्यातलं काही सांगू लागले, की मुलं गप्प. आठवड्यातल्या एका वर्गात हे शिकवून होणार नाही. (पालकांनाही शब्द अडेल, तेव्हा आजीला फोन लावावा.) मुलांनो, पुढच्या वर्गाला कार्यक्रमात दिसलेल्या पाच गोष्टींची मराठी नावं घेऊन या.