बुद्धीवरचा विश्वास

हितोपदेशांतील ब्राह्मण व तीन ठक यांची कथा आपल्यापैकीं बहुतेकांनीं शाळेंतच वाचलेली असते. यज्ञासाठीं घेतलेला बोकड खांद्यावर टाकून एक ब्राह्मण घरीं निघतो. तीन ठक कोसाकोसाच्या अंतरावर झाडाखालीं बसतात आणि खांद्यावर हें कुत्रें कशाला घेतलें, असें प्रत्येकजण आश्चर्यानें विचारतो. पहिल्याचें बोलणें ब्राह्मण मनावर घेत नाहीं. दुसऱ्याच्या वेळीं बोकड खालीं ठेवून पुन्हा पुन्हा न्याहाळतो. तिसऱ्याच्या वेळीं तो बोकड टाकून देतो, स्नान करतो आणि रिकाम्या हातानें घरीं जातो. धूर्तांवर विश्वास ठेवूं नये, असें तात्पर्य आपण मुलांना सांगतों. परंतु बोकडाहून मोठी वस्तु त्यानें गमावली होती. ती म्हणजे स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास. घरीं गेल्यावर त्याचें पुढें काय झालें, हें कथाकार सांगत नाहीं. आजचा आपला विषय तेथूनच सुरू होतो.

दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेण्याची रीत हीच. पॅट्रिक हॅमिल्टन या इंग्रज नाटककाराच्या १९३८ सालच्या ‘गॅस लाइट’ या नाटकांत पति घरांतील वस्तु स्वतः लपवतो आणि पत्नीलाच विसरभोळी व भ्रमिष्ट ठरवतो. त्या नाटकावरूनच या छळास इंग्रजींत नांव मिळालें. व्यवहारांत याचीं रूपें अगदीं साधीं असतात. झालेली गोष्ट झालीच नाहीं म्हणणें, आज अपमान व उद्यां अश्रु, सोडून गेलीस तर जीव देईन ही धमकी, आणि माहेर, मैत्रिणी, भावंडें यांपासून हळूहळू तोडणें. एकदां हीं माणसें तुटलीं म्हणजे हा बोकडच आहे असें सांगणारा कोणी उरत नाहीं.

आम्हां वसईकरांस हा विषय पुस्तकी राहिलेला नाहीं. येथील एका तरुणीनें नोव्हेंबर २०२० मध्यें नालासोपाऱ्याच्या तुळींज पोलीस ठाण्यांत लेखी तक्रार दिली कीं, सोबत राहणारा तरुण आपणांस मारहाण करतो व ठार मारण्याची धमकी देतो. पुढच्याच महिन्यांत तिनें वाद मिटल्याचें लिहून दिलें. मे २०२२ मध्यें दिल्लींत तिचा खून झाला, असें पोलिसांचें म्हणणें आहे. नोव्हेंबर २०२२ मध्यें हें प्रकरण उघडकीस येऊन त्याच तरुणावर खुनाचा आरोप ठेवण्यांत आला. त्या दिवसांत विरार लोकलच्या डब्यापासून देवळाच्या ओट्यापर्यंत एकच प्रश्न ऐकूं येई: ती परत गेलीच कशी? तिच्या मनांत काय होतें हें सांगण्याचा अधिकार कोणासच नाहीं. परंतु या प्रश्नांत जो दोष दडलेला आहे, तो आज त्याच अवस्थेंत असलेल्या दुसऱ्या मुलीच्या कानीं पडतो आणि ती अधिकच गप्प बसते.

अशा व्यक्तीस सांवरतांना पहिलें काम सुरक्षिततेचें. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्यूडिथ हर्मन यांनीं १९९२ सालच्या ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ या ग्रंथांत सुधारणेच्या तीन पायऱ्या मांडल्या: सुरक्षितता, झाल्या गोष्टींचें स्मरण व शोक, आणि माणसांशीं पुन्हा जोडलें जाणें. हा क्रम महत्त्वाचा आहे. जिचा फोन अजून तपासला जातो, तिला जुन्या जखमा उकलून सांगावयास लावणें हें उपकाराचें काम नव्हे. पुढें शोकाची पायरी येते तेव्हां घरचीं माणसें गोंधळतात. सुटली म्हणावें, तर ही रडते कां? ती रडते, कारण ज्याच्यावर तिनें प्रेम केलें तो माणूस तिच्यापुरता खरा होता. तें रडणें थांबवूं नये.

आणि सर्वांत अवघड काम म्हणजे निर्णय तिच्या हातीं परत देणें. त्या ब्राह्मणास चौथा वाटसरू भेटला असता, आणि मूर्खा, हा बोकड आहे, आण इकडे, असें म्हणून त्यानें तो आपल्या ताब्यांत घेतला असता, तर बोकड वांचला असता. ब्राह्मण मात्र होता तेथेंच राहिला असता. खरा हितचिंतक म्हणेल: खालीं ठेवा, खूर पाहा, शिंगें पाहा, काय दिसतें तें तुम्हीच सांगा. समुपदेशकाचें काम हेंच. घडलेला प्रसंग त्याच दिवशीं तारखेसह, उच्चारलेल्या शब्दांसह वहींत लिहून ठेवावयास तो सांगतो. वही मात्र दुसऱ्याच्या हातीं न लागेल अशा जागीं हवी. महिन्यानें ती वाचली म्हणजे ‘मलाच कांहीं आठवत नाहीं’ हा भ्रम ओसरूं लागतो. निर्णयही लहानापासून सुरू व्हावेत: आज भाजी कोणती, फोन कोणाला, मग बँकेचें खातें, नोकरी, बिऱ्हाड. ती परत गेली तरी दार लावून घेऊं नये. पुन्हा येण्यास तेंच दार लागतें. जीविताचा धोका दिसेल तेथें मात्र क्षणाचाही विलंब न लावतां ११२ वर पोलिसांस बोलवावें.

आतां थोडें आपल्या ओसरीकडे पाहूं. ‘माझ्या गळ्याची शपथ’, चार दिवसांचा अबोला, ‘मी मेल्यावर कळेल’ हे वाक्प्रयोग आपल्या घरांत परके नाहींत. आणि त्यांचा भार सुनांवरच नव्हे, मुलांवर व जांवयांवरही पडतो. माया व ताबा यांतील भेद ओळखण्याची कसोटी सोपी आहे: या घरांत ‘नाहीं’ म्हणतां येतें काय, आणि म्हटल्यावर ताट पूर्वीसारखेंच वाढलें जातें काय? जेथें नकारास शिक्षा होते, तेथें वाढलेलें मूल बाहेरच्या ठकास सांपडण्याचें भय अधिक.

साहाय्य दूर नाहीं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा अपमान, शिवीगाळ, मूल नाहीं म्हणून हिणवणें यांसही हिंसाचारच मानतो आणि विवाहासारख्या सहजीवनासही तो लागू आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ असून तेथें विनामूल्य बोलतां येतें. ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं १९९० सालीं स्थापन केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था आहे.

वाचकहो, आपल्या घरीं अशी कोणी परतून आली असेल, तर तिला आल्या आल्या उपदेश करूं नका. ओळखीच्या माणसांत बसवा. आणि आज भाजी कोणती करूं, हें तिलाच विचारा. उत्तर यावयास वेळ लागला तरी थांबा.