लडाख "केलं" का?

परवा एका लग्नाच्या पंगतीत भाच्याने विचारलं, "मामा, लडाखला गेला होतात म्हणे! खारदुंगला केलं ना?" म्हटलं, "नाही रे, अलीकडूनच परतलो." त्याचा चेहरा असा पडला, जणू मी दहावीला गणितात नापास झालो! शेजारच्या पानावरून "अरेरे, एवढं लांब जाऊन..." अशी हळहळही आली. जेवण झालं, पण ते "केलं" काही घशाखाली उतरेना. म्हणून हा लेख.

होय मंडळी, आम्ही परतलो. 2023 च्या जूनमधली गोष्ट. मी 71 चा, अण्णा 68 चा. गाडी चालवणार तो, मी मागे बसणार. त्याचा उभा जन्म एस्टीच्या वर्कशॉपात गेलेला, त्यामुळे गाडीची काळजी नव्हती. ती रेल्वेच्या पार्सलने जम्मूला पाठवली आणि श्रीनगरहून झोजिला, कारगिल, फोटूला असं करत रमतगमत लेहला पोचलो. वाटेत लामायुरूपाशी एका प्राचीन तळ्याच्या मातीचे पिवळट, सुरकुतलेले डोंगर लागतात. तिथे अर्धा दिवस नुसते बसून होतो. हिरवं पान नाही, फक्त वारा. पंगतीत याबद्दल कुणी विचारलं नाही!

लेह सुमारे 3,500 मीटर उंचीवर. तिथे दोन दिवस आराम करून तिसऱ्या दिवशी खारदुंगलाला निघालो. साउथ पुल्लूच्या चौकीपाशी चहाला थांबलो, तेव्हा अण्णाने कबूल केलं की डोकं सकाळपासून ठणकतंय. चहा पोटात टिकेना. हेल्मेटचा पट्टा लावताना बोटं चुकायला लागली. वर जेमतेम 15 किलोमीटर उरले होते. "पाटीपाशी फोटो काढू आणि लगेच उतरू," म्हणाला. चाळीस वर्षांच्या मैत्रीत मी पहिल्यांदा त्याच्यावर मास्तरासारखा ओरडलो. गाडी तिथेच लावली आणि लेहला उतरणाऱ्या टॅक्सीत त्याला घातलं. दवाखान्यात ऑक्सिजन लावला. संध्याकाळी स्वारी "जेवायला काय?" विचारू लागली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

खारदुंगलाची उंची सुमारे 5,360 मीटर. तिथे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. विरळ हवा बाधली असताना आणखी वर गेलं तर फुप्फुसात पाणी भरू शकतं, मेंदूला सूज येऊ शकते. तरुण वय आणि जिममधले दंड इथे कामाला येत नाहीत. लक्षणं दिसली की वर जायचं नाही, वाढली की खाली उतरायचं. नियम एवढा साधा आहे. तो मोडला जातो कशापायी? एका पाटीपायी!

त्या पाटीचीही गंमत ऐका. जगातला सर्वात उंच मोटाररस्ता, 18,380 फूट, असं तिथे वर्षानुवर्षे लिहिलेलं असे. पुढे नीट मोजणी झाली तेव्हा उंची 17,600 फुटांच्या आसपास भरली. उमलिंगलाचा 19,024 फुटांवरचा रस्ता तर 2021 मध्ये गिनीज बुकात गेला. मग ज्यांनी खारदुंगला "केलं" होतं, त्यांचं काय झालं? गेलं का वाहून?

कुणी म्हणेल, मास्तर, आपले आजोबाही "काशी केली" म्हणायचेच की! म्हणायचे ना. पण त्यात महिनोन् महिन्यांचा प्रवास होता, वाटेतली माणसं होती, करण्यासारखं काहीतरी होतं. विमानाने लेह, दुसऱ्या दिवशी खारदुंगला, तिसऱ्या दिवशी पँगाँग, यात आपण नक्की काय "करतो"? यादीवर बरोबरच्या खुणा!

ब्लॉगवाल्या मित्रांनो, तुमच्याही प्रवासवर्णनांत हे "केलं" फार झालंय, रागावू नका. कुठून परतलात आणि का परतलात, तेही लिहीत जा. वाचणाऱ्या एखाद्या पोराला परतायची लाज वाटणार नाही.

असो. भाचा येत्या जुलैत मित्रांबरोबर निघालाय, पाच दिवसांत सगळं उरकून येणार म्हणे. बाळा, दोन दिवस लेहमध्ये स्वस्थ बस. डोकं दुखलं तर लपवू नकोस. परत आलास की "केलं का?" असं मामा विचारणार नाही. "काय पाहिलंस?" एवढंच विचारीन.