राहण्याजोगं शहर आणि एक राहून गेलेला रकाना

परवा एका मित्राने एक्सेल शीट पाठवलं. कंपनीने त्याला कायमचं घरून काम दिलंय, तर आता पुणं सोडून कुठे राहावं याचा तक्ता. डावीकडे शहरं: पुणे, नाशिक, कोल्हापूर, गोवा आणि हौसेखातर लिस्बन. वर रकाने: भाडं, इंटरनेटचा वेग, हवा, कॅफे, विमानतळ. प्रत्येकाला दहापैकी गुण. बेरजेत गोवा पहिला. "जरा नजर टाक रे," म्हणे. टाकली, आणि डोकं फिरलं.

मुळात हा तक्ता त्याच्याच हिशोबाने चुकीचा आहे. गड्याची टीम न्यूयॉर्कला. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. म्हणजे साहेबांचं खरं काम सुरू होणार दिवेलागणीला आणि संपणार मध्यरात्री. तेव्हा कुठला कॅफे आणि कुठला समुद्र? भर पावसात रात्री साडेदहाला वीज असेल का, हा खरा प्रश्न. त्याला रकानाच नाही! मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा मी बार्देशातल्या एका गावात भाड्याने राहत होतो. वीज गेली ती काही दिवस आलीच नाही. इंटरनेटचा वेग कागदावर झकास होता.

आणि पुण्याला 'सोयी'मध्ये आठ गुण? जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे रुग्ण सापडायला लागले आणि लोक नळाच्या पाण्याकडे संशयाने बघू लागले. कोल्हापूर स्वस्त, माणसं दिलदार. पण २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेच बंद पडला. शहर सरासरी दिवशी कळत नाही राव, वाईट दिवशी कळतं. तक्ता मात्र सरासरीचा.

असो. हे झालं किरकोळ. माझं खरं भांडण भाड्याच्या रकान्याशी आहे. भाडं कमी तर गुण जास्त, इतकं सरळ. पण कमी कुणासाठी?

लिस्बनचंच घ्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये पोर्तुगालने दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी व्हिसा सुरू केला. अट काय, तर उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या चौपट हवं. तेव्हा किमान वेतन होतं ७०५ युरो, म्हणजे पाहुण्याला हवेत २८२०. एकाच घरासाठी ७०५ वाला आणि २८२० वाला रांगेत उभे केले तर किल्ली कुणाला मिळणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. एप्रिल २०२३ मध्ये लिस्बनकर घरांसाठी रस्त्यावर उतरले. घरं महागण्याची कारणं आणखीही आहेत, पण हे त्यातलं एक नाही असं कुणी म्हणू नये.

तिथल्या गोऱ्यांना नावं ठेवणं सोपं. गोव्यात आपण वेगळं काय करतो? मी घर बघायला गेलो तेव्हा मालकाने पंचवीस हजार सांगितले. मी घासाघीससुद्धा केली नाही. पुण्याच्या मानाने स्वस्तच की! नंतर कळलं, आधी तिथे एक शिक्षिका राहायची, नऊ हजारांत. ती आता रोज दोन बस बदलून शाळेत येते. मला कुणी काही बोललं नाही. पण तिची बस माझ्या खिडकीखालून जायची. दुसरीकडे कित्येक गोंयकार पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात, स्विंडनसारख्या गावात राबतायत. त्यांच्या गावात आपण, परक्या गावात ते. छान चाललंय.

"अरे, पण आपण पैसा आणतो ना गावात!" हे ठरलेलं उत्तर. आणतो, मान्य. दुकानदाराचा धंदा वाढतो. पण पैसा पुढच्या महिन्यात येतो, घर बांधायला वर्षं लागतात. तोवर जुनं घर जास्त पैसेवाल्याकडे जातं. लोक पोटासाठी गाव सोडत आलेच आहेत, मीही सोडलंय. पण गिरणीत आलेला माणूस त्याच शहराचा पगार घ्यायचा, त्याच शहराशी भांडायचा. आपण पगार एका शहराचा घेतो, भाडं दुसऱ्याचं पाडून मागतो, आणि भांडत कुणाशीच नाही. नळ आटला की बॅग भरतो.

म्हणून 'बेस' हा शब्दच मला खटकतो. बेस कॅम्प असतो. तिथे कुणी राहत नाही, तिथून निघायचं असतं.

पुणे महापालिकेत मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं प्रशासक होता. शेवटी जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. पाण्यावरून, ट्रॅफिकवरून वर्षानुवर्षं बोंबलणाऱ्या माझ्या ओळखीच्या किती जणांचं नाव पुण्याच्या यादीत होतं? बोटावर मोजण्याइतक्यांचं. पत्ता बदलायला एक फॉर्म ८ भरावा लागतो, बास.

मित्राला मी एवढंच कळवलं: कुठेही जा, गोव्याला गेलास तरी चालेल. पण तक्त्यात एक रकाना वाढव: 'या शहराला माझा काय उपयोग?' आणि ज्या शहरासमोर तिथे काहीतरी लिहिता येईल, तिथे जा. मतदार यादीत नाव घाल, वर्षभर तरी टिक, आणि भाडं ठरवण्याआधी तिथल्या शिक्षिकेला काय परवडतं ते विचार.

त्याचं उत्तर आलं: "या रकान्याला वेटेज किती देऊ?"

इंजिनिअर लेकाचा. सुधारणार नाही.